तळाची दोन अक्षरं

साहेबांनी कर्सर पानाच्या तळाशी नेला आणि सगळ्यांसमोर माझी अक्षरं पुसली.

परळच्या त्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. टाइपरायटरच्या काळापासून रिवाज असा, की तळाशी डावीकडे आधी साहेबांची आद्याक्षरं, मग तिरकी रेघ, मग टायपिस्टची. माझी दोनच. कॉम्प्युटर आला तरी मी ती सोडली नव्हती.

वार्षिक अहवाल होता. मजकूर साहेबांचा, मांडणी माझी. समास, ओळींतलं अंतर, पानांचे आकडे. मथळे असे बांधले होते, की अनुक्रमणिका आपोआप तयार होई. मॅन्युअल वाचून शिकले होते. कच्ची प्रत पाहून संचालकांनी मांडणीचं कौतुक केलं. साहेब म्हणाले, "मीच बसून केलं." आणि मग कर्सर खाली नेला.

"सर, ती माझी अक्षरं आहेत."

बाकी बायकांना ते अहो म्हणत. मला अगं.

"अगं, मशीन करतं आता सगळं. तुझी आई गिरणीत धागे जोडायची, तू अक्षरं जोडतेस. लालबागची बोटं ती! कापडावर कोणी धागेवालीचं नाव विणतं का?"

सगळे हसले. मीही हसले.

ते हसू अजून ऐकू येतं. साहेबांचं नाही. माझं.

छापायला देण्याआधी साहेबांनी स्वतःच मध्ये दोन पानं घुसवली. अनुक्रमणिका नव्याने करून घ्यावी लागते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. अहवाल छापून आला, अनुक्रमणिकेतले पुढचे आकडे सगळे चुकलेले. मला केबिनमध्ये बोलावलं.

"फाइलच्या प्रतीवर तुझी अक्षरं परत घाल. चूक कोणाची ते वर कळू दे."

"मी मांडलेल्या पानावरून तुम्ही मला काढलंत. तुम्ही बिघडवलेल्या पानावर मी येणार नाही."

"काय म्हणालीस?"

पुन्हा म्हटलं. दार उघडं होतं, बाहेर सगळ्यांनी ऐकलं. या वेळी कोणी हसलं नाही.

साहेबांनी माझी बदली टपालाच्या डिस्पॅच विभागात केली. निवृत्तीपर्यंत तिथे पाकिटं चिकटवली. की-बोर्ड मला परत मिळाला नाही.

आता तुम्हा दोघा नातवंडांसाठी हे सगळं लिहायला लॅपटॉपवर कोरं पान उघडते. समास ठरवते. अक्षर मोठं ठेवते. कर्सर लुकलुकतो आणि खुर्चीमागे कोणी उभं राहतं. साहेबांच्या अत्तराचा वास येतो. घरात मी एकटी असते. बोटं थांबतात. आईची बोटं आठवतात, तिच्या टोकांना पडलेल्या चिरा. तिच्यावर तो विनोद झाला आणि मी त्यात सामील झाले.

परवा फोनवर ताई, तू म्हणालीस, "आजी, तू नुसतं बोल ना, मांडणी ॲप करेल." प्रेमानेच म्हणालीस. तरी मला साहेबांचं 'मशीन करतं आता सगळं' ऐकू आलं.

नको. पान मीच मांडणार. चुका राहतील, त्याही माझ्या. तळाशी डावीकडे दोन जोड्या आहेत, आधी आईची अक्षरं, तिरकी रेघ, मग माझी. छापताना ती ओळ कापायची नाही. खुर्चीमागे कोणीही उभं असो, मी ती पुसणार नाही.