बारकीचं स्थळ

लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या इतर मराठी घरांत जेवणानंतर मॉर्गेज, विसा आणि शाळांच्या अ‍ॅडमिशनवर गप्पा रंगतात. आमच्याकडे लोक आमटीची दुसरी वाटी घेता घेता विचारतात, "मग, हेजहॉग मंडळी काय म्हणतात?" आणि मंडळी काही ना काही म्हणत असतातच! एक किस्सा सांगायला घ्यावा, तर मागून दोन दार वाजवतात.

याला जबाबदार माझी बायको मेधा. दिवसा ती कौन्सिलमध्ये नोकरी करते आणि उरलेला वेळ आमच्या छोट्याशा बॉक्स रूममध्ये पिग्मी हेजहॉग सांभाळते. ओंजळीत मावणारा काटेरी चेंडू आणि त्याला एक ओलं नाक, एवढाच तो प्राणी. पिल्लं ती क्वचितच होऊ देते आणि तिचा नियम एकच: पिल्लू योग्य घरी जाईल, नाहीतर कुठंच जाणार नाही. आमच्या घरातली निम्मी भांडणं या नियमातून निघालेली आहेत.

*

आमची मादी शेवंती. तिच्यासाठी नर शोधायचा होता. समीर, माझा नागपूरचा मित्र, एका नराचा फोटो घेऊन आला. "पाह्य ना मेधा, काय देखणा आहे! झालं, पक्कं कर."

मेधानं फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. "याचे आजोबा कोण?"

या प्राण्यांना एक वाईट आजार होतो. मागचे पाय लटपटायला लागतात आणि हळूहळू चालणंच बंद होतं. औषध नाही. तो घराण्यातून येत असावा म्हणून मेधा आधी अख्खं घराणं तपासते. चार फोन केल्यावर कळलं की या देखण्याचे आणि शेवंतीचे आजोबा एकच!

"सगोत्र निघालं. रद्द," मेधा म्हणाली.

समीर वैतागला. "माझ्या लग्नात एवढी चौकशी झाली असती ना, तर मी आजही बिनलग्नाचाच असतो!"

त्याची बायको शांतपणे म्हणाली, "तू कशाला? बिनलग्नाची मी असते."

*

दुसरा नर मिळाला, शेवंतीला दिवस गेले, आणि ऐन जानेवारीत आमचं घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला. आम्ही दोन दोन स्वेटर घालून बसू शकतो. पण हेजहॉगना थंडी वाजली की ते गुंगीत जातात आणि त्यातून परत येतीलच असं नाही. मेधा शेवंतीला गरम पाण्याच्या पिशवीशी ठेवून रिपेअरवाल्यांना फोन करत होती. पलीकडची बाई म्हणाली, "सोमवारी बघू."

"देअर इज अ प्रेग्नंट फीमेल इन द हाउस," मेधा म्हणाली. यात एक शब्द खोटा नव्हता.

तासाभरात माणूस हजर! बॉयलर सुरू झाल्यावर त्यानं फार अदबीनं गरोदर बाईंची चौकशी केली. मेधानं त्याला बॉक्स रूममध्ये नेऊन गरोदर बाई दाखवल्या. मला वाटलं, आता हा तक्रार करणार. त्यानं टोपी काढली आणि विचारलं, "फर्स्ट वन?"

*

त्याच आठवड्यात माझी आई साताऱ्याहून आली. येताना आळिवाची पुडी आणली होती. सून आई होणार असं मी फोनवर म्हणालो होतो, असा तिचा ठाम दावा आहे. खरा प्रकार कळल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शेवंती व्यायली. मेधानं बॉक्स रूमचं दार लावून घेतलं. सुरुवातीला व्यायलेल्या मादीला कुणी डिवचलं, परका वास आला, तर ती घाबरून स्वतःची पिल्लं मारून टाकू शकते. म्हणून कुणी बघायचं नाही, आवाज करायचा नाही, जेवणपाणी ठेवून मागच्या पावली यायचं.

आईचा चेहरा उजळला. "अगं, म्हणजे सोयर! तरी म्हटलं, या देशात कुणी पाळतं की नाही!"

त्यानंतर दारावर आईच खुर्ची टाकून बसली. समीरची बायको पिल्लं बघायला आली तेव्हा तिला आईनं जिन्यातच अडवलं. "बाराव्या दिवशी ये गं. आणि परफ्यूम लावून येऊ नकोस, बाळंतिणीला त्रास होतो."

*

यानंतर जे झालं ते हसण्यासारखं नाही. सोयर संपल्यावर आईनं हौसेनं पिल्लांसाठी लोकरीचं दुपटं विणलं आणि मेधा कामावर असताना आत ठेवलं. लोकरीचा एक धागा सुटला आणि सगळ्यांत लहान पिल्लाच्या मागच्या पायाला करकचून गुंडाळला गेला. व्हेटनं पाय वाचवला, पण बोटं गेली.

मेधा पिल्लू घेऊन बॉक्स रूममध्ये गेली. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी दोघींच्या मध्ये, जिन्यात उभा राहिलो.

त्या पिल्लाचं नाव आईनंच ठेवलं, बारकी. आणि जाहीर केलं, "ही नीट मार्गी लागल्याशिवाय मी साताऱ्याला जाणार नाही."

*

बारकीचा भाऊ मात्र चटकन लीड्सला गेला, तारा नावाच्या मुलीकडे. ती तिथेच जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं, हॉस्पिटलमध्ये नर्स. एका रविवारी तिचा किंचाळत फोन आला. "मेधाआंटी, प्लीज, तो मरते! तोंडातून फेस येतो आणि तो वाकडी होऊन स्वतःच्या काट्यांना लावते!"

मेधानं विचारलं, "घरात आज काय चाललंय?"

"मम्मी गोडा मसाला करतेय."

मेधा हसायला लागली. नवा वास आवडला की हेजहॉग तोंडात फेस करून तो अंगभर माखून घेतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ताराचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मागून तिच्या आईचा आवाज आला, "चला! या घरात माझ्या मसाल्याची कुणाला तरी किंमत आहे!"

*

बारकीला स्थळं येत होती आणि परत जात होती. एका जोडप्यानं विचारलं, "बोटं नाहीत ते फोटोत दिसतं का?" मेधानं त्यांना चहा न देताच वाटेला लावलं. एका मुलीला ती बाहेर अंगणात, सशाच्या पिंजऱ्यात ठेवायची होती. आई प्रत्येक वेळी कोपऱ्यात बसून माणसं निरखायची. इंग्लिश तिला कळत नाही, पण नकार द्यायला तिचं कधी अडलं नाही.

मग कार्डिफहून मिस्टर रीस आले. रिटायर्ड बस ड्रायव्हर, एकटे. त्यांची म्हातारी हेजहॉग वयानं गेली होती. मेधा नेहमीचे प्रश्न विचारणार, तोच त्यांनी सुरुवात केली. आईबाप दाखवा. रात्री खोलीचं टेंपरेचर किती असतं? घराण्यात कुणाचे पाय लटपटले होते का? जन्मात पहिल्यांदा माझ्या बायकोला कुणीतरी फैलावर घेत होतं!

शेवटी बारकीच्या पायाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "आणि या पायाला काय झालं?"

मेधानं आईकडे बघितलं. आईला प्रश्न कळला. "त्यांना सांग, माझ्या हातून झालं."

मेधानं सांगितलं. रीसनी बारकीला तळहातावर घेतलं. ती लगेच गोळा होऊन बसली. त्यांनी तिला उघडायचा प्रयत्न केला नाही, हात मांडीवर टेकवून नुसते बसून राहिले. चहा गार झाला. बऱ्याच वेळानं ओलं नाक बाहेर आलं आणि त्यांचा अंगठा हुंगायला लागलं.

आई उठली, स्वयंपाकघरात जाऊन आली आणि त्यांच्या मोकळ्या हातावर चिमूटभर साखर ठेवली.

रीस दचकले. चटकन मूठ मिटून त्यांनी तो हात बारकीपासून लांब नेला. "नो, नो! सॉरी, मॅडम. नॉट फॉर हर."

आईनं त्यांच्या मिटलेल्या मुठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझं तिकीट काढ," ती म्हणाली.