रॅमवरचा नेलपॉलिशचा ठिपका

मंडळी, या दुष्काळात टँकरच्या पाण्याचाही वास घेतल्याशिवाय मी ते टाकीत सोडू देत नाही.

कॉम्प्युटरच्या जुन्या मदरबोर्डवर नवा प्रोसेसर चालेल का, असं एका ग्रुपवर विचारलं होतं. तिघं म्हणाले, बोर्डच बदला. तिघंही दुकानदार निघाले.

म्हणून आज छावणी भागात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडं गेलो. त्यांनी कॅबिनेट उघडून बघितलं. "प्रोसेसर बसतो ते सॉकेट तेच आहे. बोर्डाचं सॉफ्टवेअर, बायोस, अपडेट केलं की चालतंय. संध्याकाळपर्यंत ठेवून जा."

इतकं सरळ उत्तर? मला जास्तच शंका आली. बरं झालं, पार्ट बदलले तर कळावं म्हणून घरूनच रॅमवर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका लावून नेला होता.

चाचांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि ते शांतपणे म्हणाले, "साहेब, हार्डडिस्कला लावायचा राहिला."

कॉम्प्युटर तिथंच ठेवून आलोय. तुम्ही ठेवला असता का?