मुकादमाच्या नजरेआड

समजा, तुम्हाला माशांच्या टाकीतून एकच मासा पकडायचा आहे. तुम्ही बाही खांद्यापर्यंत सरकवता, छोटी जाळी घेता आणि हात पाण्यात घालता. आत्तापर्यंत सगळ्यांच्या शेपट्या कुरतडणारा तो निळा गुंड आता दगडाच्या फटीत इतका गरीब चेहरा करून बसतो की तुम्हालाच अपराधी वाटावं. तुम्ही जाळी डावीकडून नेता, तो उजवीकडून निसटतो. कोपरावरून पाणी फरशीवर गळतं. जाळीत येतो तो भलताच, ज्याने आयुष्यात कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. आणि मागून आवाज येतो, "तो नव्हे गं! तो मार खाणारा. मारणारा तिकडे, तुझ्या कोपराखाली!"

मागचा आवाज माझ्या आत्याच्या सासूबाईंचा. हात आत्याचा.

आत्या शाळेच्या बसवर मदतनीस आहे. मुलांना चढवायचं, उतरवायचं आणि मधल्या वेळात त्यांनी एकमेकांचे कान उपटू नयेत हे बघायचं, हे तिचं काम. त्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. बसमध्ये ती पुढे, ड्रायव्हरच्या मागे, मुलांकडे तोंड करून उभी राहते. दोन्ही बाजूंना सीटांच्या सरळ रांगा, मधे मोकळी वाट. कोण कुणाला चिमटा काढतंय हे तिला शेवटच्या सीटपर्यंत दिसतं. "दिसलं की निम्मं काम झालं," असं ती म्हणते. उरलेलं निम्मं म्हणजे भांडखोराला उचलून आपल्या शेजारी आणून बसवणं.

शेजारचं एक कुटुंब घर बदलून गेलं तेव्हा त्यांची माशांची टाकी आत्याकडे आली. आतले मासे सिक्लिड जातीचे. दिसायला फुलांसारखे, स्वभावाने पक्के भाऊबंदकीतले. बहुतेक सगळे पिवळे आणि एकच निळा, अंगावर काळे पट्टे असलेला. टाकी बाहेरच्या खोलीत ठेवली गेली. पुढे सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा पलंगही त्याच खोलीत, टाकीच्या बरोबर समोर आला. टाकी नको म्हणणाऱ्या त्या पहिल्या होत्या. आता दिवसभर टाकी बघणाऱ्याही त्याच. निळ्याचं 'मुकादम' हे नावसुद्धा त्यांनीच ठेवलं. "स्वतः काडीचं काम करत नाही, नुसता सगळ्यांच्या अंगावर धावून जातो."

एक पिवळी मादी मुकादमाने मारली. आत्या कामावर होती. सासूबाईंनी ते सगळं पलंगावरून पाहिलं आणि त्यांना उठताही आलं नाही. आत्या घरी आली तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

काही दिवसांनी दुसरी पिवळी खाईना. तिच्या पंखांच्या झिरमिळ्या झाल्या होत्या आणि हनुवटी फुगली होती. आत्याने माशांच्या दुकानात फोन लावला.

"आजारी कसली वहिनी, बाळंतीण आहे ती!" दुकानदार म्हणाला. "तोंडात अंडी आहेत. पिल्लं होईपर्यंत काही खाणार नाही. पण कुणी मागे लागलं, घाबरली, तर थुंकून टाकेल नाहीतर गिळून बसेल."

"मग हिला वेगळी काढू?"

"जाळीला घाबरूनसुद्धा थुंकेल."

आत्याने सासूबाईंना हे सांगितलं. सासूबाईंनी पिवळीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हिचंही तसंच व्हायचं असेल तर ती टाकी आधी माझ्यासमोरून हलव. मला परत बघवणार नाही."

आत्याने आपला बसमधला नियम लावला. पुष्कळ पाणी सांडून मुकादमाला पकडलं आणि टाकीतच टांगलेल्या भोकांच्या प्लास्टिकच्या टोपलीत बसवलं. खोलीत शांतता झाली. ती फार टिकली नाही. गरीब दिसणाऱ्या पिवळ्यांपैकी एकाचा रंग मळकट व्हायला लागला, मग राखाडी, आणि बघता बघता तो चक्क निळा झाला. अंगावर पट्टेसुद्धा आले. तो इतके दिवस मादीसारखा पिवळा राहून दबून बसलेला नर होता. पहिल्याच दिवशी त्याने पिवळीचा पाठलाग सुरू केला.

"घ्या!" सासूबाई म्हणाल्या. "एक मुकादम रजेवर गेला, लगेच दुसरा हजर."

दुकानदार फोनवर हसला. "ते खुर्ची रिकामी ठेवत नाहीत वहिनी. जुन्याला सोडा परत आणि घरच हलवा. सगळे दगड काढून नव्याने लावा. सगळेच नवे भाडेकरू झाल्यावर मालकी सांगणार कोण?"

आत्याने दगड काढले आणि नव्याने लावले. फार छान लावले. दोन्ही बाजूंना रांगा, मधे मोकळी वाट, प्रत्येक फटीचं तोंड पुढे, म्हणजे कुठूनही बघितलं तरी प्रत्येक मासा दिसावा. मुकादमाने दोन घटका इकडेतिकडे भांबावून फेऱ्या मारल्या. मग त्याने पुढचा दगड धरला आणि तिथून सरळ रेषेत, काही आडवं न येता, पिवळीवर झेप घेतली. ती कोपऱ्यात काचेला चिकटली. तोंड मात्र तिने घट्ट मिटून धरलेलं होतं.

तो रविवार होता. मी बादली धरायला गेले होते. आत्या ओल्या हातांनी खुर्चीवर बसली. "हरले मी. उद्या दुकानदाराला सांगते, घेऊन जा सगळे."

"तू बस मांडून ठेवलीस," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"अगं, मी या पलंगावरून दिवसभर काय करते? मला इथून स्वयंपाकघर दिसतं, दार दिसतं, तू पिशवीतून काय काढलंस तेही दिसतं. दिसलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. दिसलंच नसतं तर बोलले असते का मी?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी बादलीत पाहिलं. आधी हसल्या त्या सासूबाईच.

"हसू नका गं. त्याचंही तेच आहे. त्याला ती दिसते, म्हणून तो धावतो. तिला आड कर."

"अहो आई, पण तिला आड केलं तर मलाही दिसणार नाही ती. काही झालं तर कळणार कसं?"

"नाही कळणार."

शेवटच्या सीटवर काय चाललंय ते न दिसणारी बस आत्याने आजवर चालू दिली नव्हती. तिने टाकीजवळ जाऊन काचेला बोट लावलं. पिवळीने बोटाकडे पाहिलंसुद्धा नाही, ती मुकादमाकडे बघत होती. मग मासे बुजू नयेत म्हणून आत्याने पडदे ओढले, टाकीचा दिवा बंद केला आणि बाही वर केली.

सासूबाईंनी उशीवर गाल टेकवला. त्यांची नजर बरोबर टाकीच्या उंचीवर आली. त्यांनी एक डोळा मिटला. "मी मुकादम. पुढच्या फटीत बसलेय. लाव दगड."

आत्या हळूहळू एकेक दगड हलवत होती, पिवळीच्या बाजूला धक्का लागू न देता.

"दिसतेय."

"आता?"

"शेपूट दिसतंय. शेपूट दिसलं तरी मी धावणार, मी मुकादम आहे. उभा लाव तो. आडवा नको, आडवा लावलास की परत बस होते."

"आणि आता?"

"इकडून नाही. पण मी जरा पुढे सरकले तर..." त्या खरंच सरकल्या आणि खुब्यातून कळ आली. "आई गं!"

"आई, राहू दे आता."

"राहू दे काय? मुकादमाला खुब्याचं दुखणं नाहीये! तो सरकणारच. मधे एक मोठा ठेव."

शेवटी टाकीचं पार अडगळीचं घर झालं. फटींची तोंडं मागे, बाजूला, कुठेही वळलेली. मागच्या बाजूला दगडांआड पिवळीएवढीच एक खोबण राहिली. ती तिथे शिरली आणि दिसेनाशी झाली.

त्यानंतरचे दिवस आत्याला जड गेले. घरी आल्या आल्या ती काचेला नाक लावायची आणि फक्त दगड बघायची. मुकादम अजून धावायचा, नाही असं नाही. पण पहिल्या दगडाला वळसा घातला की समोर कुणीच नसायचं. मग तो थोडा थांबायचा, कशासाठी निघालो होतो हे विसरलेल्या माणसासारखा, आणि परत फिरायचा. नवा निळा दुसऱ्या टोकाला आपला दगड धरून होता. दोघांना एकमेकांचं तोंड क्वचितच दिसायचं. बाकीच्यांच्या शेपट्या भरून येऊ लागल्या.

"ती आत मेली तर नसेल?" आत्या विचारायची.

"मेली असती तर वर आली असती," सासूबाई म्हणायच्या. "बाहेर येत नाही म्हणजे बरी आहे. आणि हे बघ, मी आज तुला पिशवीत काय आहे ते विचारलं नाही."

एका दुपारी आत्या बसमधून शेवटचं मूल उतरवत होती तेव्हा फोन वाजला. पलीकडे सासूबाई कुजबुजत होत्या, जणू मासे ऐकतील. "घरी आलीस की चप्पल काढत बसू नकोस. सरळ इकडे ये."

आत्या पोचली तेव्हा काठीचा आधार घेत सासूबाई टाकीसमोरच्या स्टुलावर येऊन बसल्या होत्या. पलंगापासून इतक्या लांब त्या पहिल्यांदाच आपल्या आपण आल्या होत्या. मागच्या खोबणीच्या तोंडाशी, दगडांच्या सावलीत, तांदळाच्या दाण्यांएवढी पिवळी पिल्लं हलत होती. बाहेर पिवळी, वाळून काडी झालेली, पंख अजून फाटकेच, पण तोंड उघडून अन्नाचे कण टिपत होती. मुकादम पुढे आपल्या फटीत होता. त्याला यातलं काही दिसत नव्हतं.

त्या रविवारी मी गेले तेव्हा दोघी स्टूल आणि खुर्ची लावून टाकीसमोर शेजारी शेजारी बसल्या होत्या. "माझ्यासमोरून हलव" ही भाषा संपली होती. आता "त्यांचा खाऊ बारीक कुटलास का?" अशी विचारणा चालली होती.

आत्या पिल्लं मोजायचा प्रयत्न करत होती आणि दर वेळी चुकत होती. सगळी सारखीच पिवळी, सगळी सारखीच भित्री. यातलीच काही पुढे निळी होणार, असं दुकानदाराने तिला सांगितलं होतं. कोण होणार ते त्यालाही सांगता आलं नव्हतं.

ती माझ्याकडे वळली. "काय गं, यांच्यातला मुकादम कोण ते आत्ताच ठरलेलं असतं? की ज्याला पुढचा दगड मिळेल, तो होतो?"