मावशीने न घेतलेलं नाव

अनंतकाकांना या देशात यायला तीन वर्षं लागली. त्यातलं एक अख्खं वर्ष आमच्या मावशीने खाल्लं.

काका आज सकाळी गेले. इथे इस्रायलमध्ये, आमच्या किर्यात मलाखी गावात, स्वतःच्या पलंगावर, चहा संपवून.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. फ्लोरामावशी, माझ्या आईची धाकटी बहीण, विधवा, पन्नाशी उलटलेली. चुलत भावाच्या लग्नाला म्हणून ठाण्याला गेली आणि स्वतःचंच लग्न करून परत आली! कोर्टात, रजिस्टर. नवरा म्हणजे हेच अनंतकाका, तिचे तिथले जुने शेजारी, बँकेतून रिटायर झालेले.

आम्ही मराठी ज्यू, मावशी इस्रायलची नागरिक, पण काका हिंदू. त्यांना इथे यायचा एकच रस्ता होता. बायकोने अर्ज करायचा, लग्न खरं आहे हे पटवून द्यायचं आणि थांबायचं.

वर्षभराने मावशीला सरकारी ऑफिसात इंटरव्ह्यूला बोलावलं. क्लार्कने मला बाहेर बसवलं.

दहा मिनिटांत मावशी बाहेर. तोंड लाल.

"काय विचारलं?"

"सगलं. ते काय खातात, कुठं काम करत व्हते. मग म्हनाली, नवऱ्याचं नाव सांग."

"मग?"

"मग काय! मी गप बसले. नवऱ्याचं नाव कोन घेतं?"

मी कपाळाला हात लावला.

आमच्या जुन्या बायका नवऱ्याला 'अहो' म्हणतात, फार तर 'हे'. क्लार्कला बिचारीला काय कल्पना? तिने फाइलवर लिहिलं, बाईला नवऱ्याचं नाव सांगता आलं नाही. लग्नाबद्दल शंका.

पुढची तारीख एक वर्षाने.

मी घाबरत घाबरत ठाण्याला फोन लावला. वाटलं, काका चिडतील.

ते खो खो हसायला लागले. "अगं, तिने पटकन नाव घेतलं असतं ना, तर मलाच शंका आली असती!"

त्या दिवसापासून ते माझे फार लाडके.

दुसऱ्या इंटरव्ह्यूला मी हट्टाने आत शिरले. क्लार्क तीच. सगळं हिब्रूत समजावलं. ती म्हणाली, "ठीक आहे, पण एकदा तरी तिच्या तोंडून ऐकू दे."

मावशी उठून उभी राहिली. ड्रेस नीट केला. आणि भर ऑफिसात चक्क उखाणा घेतला,

"अर्जावर अर्ज केले, शिक्के बसले चार,
अनंतराव येईपर्यंत उघडं ठेवते दार."

मी भाषांतर केलं. क्लार्कने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग पेन उचललं.

तरी अजून वर्ष गेलं. पण काका आले.

आल्यावरही दर वर्षी राहण्याचा नवा परवाना, दर वर्षी रांग. काका डबा घेऊन जायचे आणि रांगेतल्या लोकांना चिवडा वाटायचे. बाल्कनीत कढीपत्ता लावला. हिब्रू शेवटपर्यंत आली नाही, पण भाजीवाल्याशी तासभर गप्पा व्हायच्या.

आज मी मावशीला म्हटलं, "तीन वर्षं उगाच वाया गेली गं तुमची."

ती म्हणाली, "असू दे. नऊ वर्षं रोज सकाली डोले उघडले की बाजूला व्हते. बस झालं मला."

काका, तुम्ही आलात, बरं झालं.

शांत झोपा.