तेराजणींतल्या सहा

बाळांनो, तुमच्यातला एकजण मोजक्या बिंदूंची भूमिती शिकतो आहे, असं तुमच्या आईने कळवलं. त्याच भूमितीने चिंचवडच्या आमच्या कंपनीच्या कॉलनीत तेराजणींचं बोलणं कसं बंद पाडलं, ते लिहिते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. उन्हाळ्यात आम्ही मिळून उडदाचे पापड लाटायचो. ठरावीक बायका ठरावीक बायकांशेजारीच बसत आणि त्यावरून रुसवेफुगवे होत. मी गणितात एम.ए., म्हणून पाळ्या लावायचं काम माझ्याकडे आलं. मी प्रक्षेपी प्रतलाची मांडणी उचलली. बायका म्हणजे बिंदू, दिवस म्हणजे रेषा. तेरा दिवस, रोज चौघी, आणि कोणत्याही दोघी नेमक्या एकदाच एकत्र.

पण तेराही दिवसांचं बोलणं कंपनीतल्या मोठ्या साहेबांच्या बायकोपर्यंत पोचलं. कोणाचा नवरा दुसऱ्या कंपनीत अर्ज करतो, कोण ओव्हरटाइमवरून कुरकुरतो, सगळं.

संशय चाकणकडच्या वहिनीवर आला. शेतकरी घरातली, नवरा कंपनीत नुकताच लागलेला, आणि साहेबांकडे तिच्या घरचे कांदे जायचे. पुढच्या वर्षी तिला घ्यायचं नाही, असं तिच्यासमोरच ठरत होतं.

"आमी कुनाला काय सांगनार? कांदं इकलं, बोलनं न्हाई," ती म्हणाली.

"कांद्यांबरोबर काय काय जातं, कोणी बघितलंय?" माझी शेजारीण म्हणाली.

मी मध्ये पडले. "अहो, ही चारच दिवस होती. उरलेल्या नऊ दिवसांचं कोणी पोचवलं?"

"मग एकूण किती हव्यात?" शेजारीण म्हणाली.

ते मी घरी मांडून पाहिलं होतं. रोज चौघींत निदान एक चुगलखोर हवी. चौघीही तशा असून चालणार नाही, कारण रोज कोणातरी बिचारीचं गुपित फुटलं होतं. शिवाय टोळीत जास्तीची कोणी नको. एकीलाही वगळलं तर एखादा दिवस सुटलाच पाहिजे. एवढ्या अटी घातल्या की तेराजणींत उत्तर एकच येतं. पाच कमी पडतात, सातांत एकतरी फुकटची निघते. एकवीसजणी आणि रोज पाच असत्या, तर सात, आठ किंवा नऊ चालल्या असत्या. सातजणी आणि रोज तिघी असत्या, तर अशी टोळी जमलीच नसती.

"सहा," मी म्हटलं.

जी ती बाकीच्यांकडे निरखून बघू लागली. मग शेजारणीने विचारलं, "आणि बाई, त्या सहांत तुम्ही नाही, हे कशावरून?"

त्या मांडणीत सगळे बिंदू सारखेच. कोणालाही धरून सहाजणींची टोळी करता येते.

चाकणच्या वहिनीला ठेवलं. तिला एकटीला काढून आता भागणार नव्हतं. पण पुढच्या उन्हाळ्यात नुसती लाटणी वाजत राहिली. बोलायचं ते ऊन आणि पीठ, एवढंच. एके दिवशी माझी आणि तिची पाळी एकत्र आली. बाकीच्या दोघी पापड वाळत घालायला गच्चीवर गेल्या, तशी ती हळूच म्हणाली, "वैनी, बाकीच्या पाच कोन वो?"

सहावी म्हणून तिने स्वतःला धरलं होतं की मला, ते मला कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

"पीठ घट्ट झालंय," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघतच राहिली.