पाचवं शील

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. ज्या डॉक्टर मित्राचा यात अर्धा वाटा आहे, त्याच्याशीही पुन्हा कधी या विषयावर बोललो नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखणाऱ्यांना माझा काळा कोट ठाऊक आहे, सभेत माझ्यासाठी पुढची खुर्ची राखलेली असते. त्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाची मला शिसारी येते — एवढं तरी नीट लिहावं म्हणतो.

सत्तरच्या दशकात मी भंडाऱ्याला फौजदारी वकिली करायचो. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसेस पुष्कळ येत. चिखल्याच्या मँगनीज खाणीचा माल वाहणारे, हायवेवरचे ट्रकवाले — सगळ्यांचे प्रश्न तेच. जेल होते का? लायसन जाते का? तारखा किती पडतात? माझं उत्तरही ठरलेलं: कबूल कर, दंड भर, मोकळा हो. बहुतेक खरोखरच प्यालेले असत. अशा केसेस म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

सुखदेव प्यालेला नव्हता. मला हे कसं ठाऊक? — तेच तर सांगायचं आहे.

चैत्राचे दिवस होते, मोहफुलांचा हंगाम. हायवेवरच्या एका गावात माझा मित्र सरकारी डॉक्टर होता. संध्याकाळी मी त्याच्या क्वार्टरवर जायचो आणि आतल्या खोलीत आम्ही प्यायचो. तेव्हा प्यायला परवाना लागे. तो आम्हा दोघांकडेही नव्हता. त्या संध्याकाळी एक पोलीस शिपाई एका ट्रक ड्रायव्हरला तपासणीसाठी घेऊन पडवीत आला. ट्रक रस्त्याकडेच्या टपरीला घासला होता. कोणाला लागलं नव्हतं, पण लोक जमले आणि म्हणाले, प्यालाय. वास तर येतच होता. त्याने दिवसभर मोहफुलांची पोती भरली होती, आणि तो वास कपड्यांत मुरला की न पिताही माणूस दारूच्या भट्टीवरून आल्यासारखा घमघमतो. आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण संशयच घ्यायचा असला की कोणाला आठवत नाही.

त्याचं तोंड हुंगायचं, डोळे पाहायचे, सरळ रेषेत चालवून बघायचं — हे डॉक्टरचं काम. पण बाहेर गेलं तर त्याच्याच तोंडाचा वास शिपायाला येणार! तो पडद्याआड घुटमळला. बाहेरून ड्रायव्हर म्हणत होता, "डॉक्टरसाहेब, मी पेत नाही जी. माह्या तोंडाचा वास घेऊन पाहा ना."

आणि मी — ग्लास हातात, हसत, मोठ्याने — म्हणालो, "ड्रायव्हर आणि कोरडा? लिहून टाक रे!"

डॉक्टरही हसला. त्याने तसंच लिहिलं आणि पडद्याबाहेर फक्त हात काढून कागद शिपायाला दिला.

काही दिवसांनी तोच माणूस माझ्यासमोर येऊन बसला. ट्रकमालकाने त्याला माझ्याकडेच पाठवलं होतं. चेहरा मी पाहिलेला नव्हता, आवाजावरून ओळखला. हाच सुखदेव, कोंढ्याकडच्या एका खेड्यातला. त्याच्या वडिलांनी छप्पनच्या दीक्षेपासून घरात दारूचा थेंब येऊ दिला नव्हता. विहारात सुखदेवच पुढे उभा राहून सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घ्यायचा. त्यातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं.

"लायसन गेलं त जाऊ द्या साहेब," तो म्हणाला, "पण मी पेलोच नाही, त पेलो असं माह्या तोंडानं कायले म्हणू? विहारात कोणत्या तोंडानं उभा राहू?"

मग त्याने विचारलं, "अंदरच्या खोलीत कोणीतरी होतं. मी आवाज ऐकला. त्यायले साक्षीले बलावता येते काय?"

येतं ना. का नाही येत? गुन्हा शाबीत करणं हे सरकारचं काम, सुखदेवचं नव्हे. डॉक्टरला पिंजऱ्यात उभं करून विचारलं असतं — आरोपीला जवळून पाहिलंत का? तुम्ही स्वतः तेव्हा काय करत होता? सोबत कोण होतं? — तर केस तिथेच कोसळली असती. पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी होतो. केस दुसऱ्या वकिलाकडे द्यावी, तर तो नेमकं हेच विचारणार. म्हणून सोडलीही नाही.

"अशा साक्षीला कोर्टात काही अर्थ नसतो," मी म्हणालो. मग त्याला घाबरवलं — वर्षानुवर्षं तारखा, आणि शेवटी जेल. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

तारखेला त्याचे वडील सोबत आले होते, धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, गुन्हा कबूल आहे काय? सुखदेवने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "कबूल आहे जी." इतक्या हळू, की मॅजिस्ट्रेटनी पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा तो मोठ्याने म्हणाला, आणि त्याचे वडील उठून बाहेर गेले. दंड झाला, लायसन गेलं. आणि मी? कोर्टासमोरच्या हॉटेलात आलुबोंडा खाल्ला. सुटल्यासारखं वाटत होतं. आलुबोंडा चांगलाही लागला — किळस येते ना? मला तेव्हा आली नाही.

पुढे ऐंशीच्या दशकात सुखदेवच्याच गावातून बुद्धजयंतीचं बोलावणं आलं. प्रमुख पाहुणा म्हणून. जायला नको होतं. गेलो — हाराची चटक, दुसरं काय? पंचशीलासाठी सगळे उभे राहिले. पुढे उभा राहून म्हणवून घेणारा कोणी दुसराच होता. सुखदेव पार मागे, दाराशी. मी न राहवून शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं.

"त्याले कोणी हटवलं नाही जी," म्हातारा हळूच म्हणाला. "कोर्टातून आला अन् आपणच मांगं जाऊन उभा राहिला. आजवर थेंब घेतला नाही त्यानं."

मी पाहत होतो. चार शीलं सुखदेवने हात जोडून म्हटली. पाचव्याला त्याचे ओठ मिटले. कोर्टात एकदा पेलो म्हणून बसला होता; बुद्धासमोर आता वेगळं कसं म्हणणार? त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. वकिलाचा चेहराच ओळखला होता, की तो पडद्यामागचा आवाजही? मला माहीत नाही.

मी मात्र पाचही शीलं म्हटली. पाहुणा म्हणून माईक माझ्यापुढेच ठेवला होता. पाचवं सगळ्या विहाराला ऐकू गेलं — त्याच आवाजात.