फुकटची फिल्म

आमच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेतले वरिष्ठ लिपिक दर रविवारी आपली गाडी घासूनपुसून धुतात. पुढची काच मात्र वगळून. "धूळ हाय म्हणून ऊन अडतंय, मॅडम. फुकटची फिल्म हाय ही," असे ते अभिमानाने सांगतात. धुळीचा प्रत्येक कण समोरचे ऊन विखुरतो आणि त्यामुळे काचच चकाकू लागते, हे मी त्यांना सविस्तर समजावले होते. "पुस्तकात आसंल," असा निकाल देऊन त्यांनी गिअर बदलला.

परवा त्यांच्याच गाडीतून माकणी गावाहून पाण्याचे नमुने घेऊन परतताना एका वळणावर मावळता सूर्य थेट समोर आला आणि काच पांढरीफटक झाली. त्यांनी करकचून ब्रेक दाबला. बॉनेटपासून हातभर अंतरावर शेळ्या राखणारी एक म्हातारी उभी होती.

"दिसत न्हाय का गं म्हातारे?" ते ओरडले.

"मला दिसतंय की लेकरा," ती म्हणाली, "म्हणून तर जित्ती हाय."

ते खाली उतरले आणि त्यांनी पाण्याची बाटली काढली. अखेर विज्ञान जिंकले, असे मला वाटले. त्या काचेसमोर उभे राहून त्यांनी सावकाश स्वतःचे डोळे धुतले आणि उरलेले पाणी माझ्यापुढे धरले.

"घ्या मॅडम, तुमीबी धुवा. लई ऊन हाय."